कुर्डुवाडीचा फलाट आणि एका पडद्यावरचे अनेक डोळे

१/ १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत छोटी गाडी धावू लागली. तिच्या दोन रुळांतील अंतर होते २ फूट ६ इंच. कुर्डुवाडीला, म्हणजे त्या काळच्या ‘बार्शी रोड’ स्थानकात, तिला भेटणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेचे हेच अंतर ५ फूट ६ इंच होते. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जाणे शक्यच नव्हते. मुंबईकडे निघालेला बार्शीचा माल तिथे उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा, हा नित्याचा क्रम होऊन बसला.

२/ सव्वाशे वर्षांनंतर बार्शीच्या बाजारपेठेतील एखादा आडतदार डोळ्यांसमोर आणावा. दुकानात एका कंपनीचा रेकॉर्डर, गोदामात दुसऱ्या, घरी तिसऱ्या. मोबाईलवर तीन ॲप आणि तीन पासवर्ड. सगळे कॅमेरे एकाच पडद्यावर का दिसू नयेत, हा त्याचा प्रश्न नवा वाटतो. पण त्याचे मूळ कुर्डुवाडीच्या फलाटावरचेच आहे. गेज जुळत नाही! हा धागा त्या न जुळणाऱ्या गेजचा इतिहास सांगतो.

३/ दुरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याची कथा दुसऱ्या महायुद्धात सुरू होते. १९४२ च्या सुमारास जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-२ अग्निबाणाच्या चाचण्या चालू होत्या. उड्डाणस्थळाजवळ थांबणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. वॉल्टर ब्रुख या अभियंत्याने तेथील दृश्य तारेतून सुरक्षित अंतरावरच्या पडद्यापर्यंत पोहोचवले. याच ब्रुखने पुढे १९६० च्या दशकात ‘पाल’ ही रंगीत दूरचित्रवाणीची प्रमाणपद्धती घडवली. भारतानेही पुढे तीच स्वीकारली.

४/ ‘पाल’ म्हणजे त्या युगाचे समान गेज. सेकंदाला २५ चित्रे, प्रत्येकात ६२५ रेषा. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा कॅमेरा कोणत्याही पडद्याला जोडता येई. चार दृश्ये एकत्र दाखवायची तर ‘क्वाड’ हे यंत्र पडद्याचे चार चौकोन करी. ‘मल्टिप्लेक्सर’ अनेक कॅमेऱ्यांची चित्रे आळीपाळीने एकाच व्हिडिओ कॅसेटवर उतरवी. तीन तासांची फीत चोवीस तास पुरवली जाई. अर्थात मधली कितीतरी क्षणचित्रे गळून जात. चित्र अस्पष्ट असे, पण रूळ सर्वांचे एकच होते.

५/ १९९० च्या दशकात डिजिटल रेकॉर्डर आला आणि हे ऐक्य मोडले. चित्र आता आकड्यांच्या रूपात दाबून हार्ड डिस्कवर साठवले जाऊ लागले. ते कसे दाबायचे, कोणत्या रीतीने पाठवायचे, कोणत्या सॉफ्टवेअरने उघडायचे, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवू लागली. यंत्र सुधारले, साठवण वाढली, शोध सोपा झाला. पण प्रत्येक रेकॉर्डर हा स्वतंत्र संस्थानासारखा झाला. आपले रूळ आपल्या हद्दीपुरते.

६/ अशा अडचणीवर दोन उपाय असतात, आणि ते दोन्ही रेल्वेच्या इतिहासात सापडतात. बार्शी लाईट रेल्वेचा शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेसाठी खास वाहक वाघिणी आखल्या. ही रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली. मोठ्या गेजची अख्खी वाघीण त्या छोट्या वाघिणीच्या पाठीवर बसून जाई. माल उतरवण्याची गरजच उरली नाही.

७/ अनेक रेकॉर्डर एका पडद्यावर आणणारे आजचे सॉफ्टवेअर अनेकदा हेच करते. ते प्रत्येक कंपनीची भाषा स्वतंत्रपणे शिकते आणि सर्वांचे चित्र आपल्या पाठीवर वाहून आणते. दुसरा उपाय म्हणजे सर्वांनी एकच गेज मान्य करणे. २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी या तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन ‘ऑनव्हिफ’ हे व्यासपीठ स्थापन केले. एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला समजावा, हा त्याचा हेतू.

८/ त्याच वर्षी मुंबईने या प्रश्नाची भीषण बाजू पाहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि ताजमहाल हॉटेल येथील कॅमेऱ्यांनी हल्लेखोर टिपले. ती चित्रे पुढे खटल्यात पुरावा ठरली. परंतु रेल्वेची यंत्रणा रेल्वेची होती आणि हॉटेलची हॉटेलची. शहराकडे डोळे होते. मात्र त्या सर्वांचे मिळून एक दृश्य नव्हते.

९/ हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या अहवालानंतर शहरव्यापी कॅमेरा यंत्रणेच्या हालचाली सुरू झाल्या. निविदांच्या अनेक फेऱ्यांत वर्षे गेली. अखेर २ ऑक्टोबर २०१६ रोजी ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. दीड हजारांवर ठिकाणी सुमारे ४,७०० कॅमेरे, आणि त्यांचे दृश्य पोलिसांच्या नियंत्रण कक्षातील विशाल पडद्यावर. हल्ला आणि हा पडदा यांत जवळपास आठ वर्षांचे अंतर पडले.

१०/ रूळ जुळले तरी घड्याळे जुळावी लागतात. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली. तरी ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई टाइम’ शहरात १९५५ पर्यंत रेंगाळली. दोन रेकॉर्डरची घड्याळे अशीच चार मिनिटांनी वेगळी असली, तर एकाच पडद्यावर शेजारी दिसणारी दोन चित्रे एकाच क्षणाची नसतात. माणूस गोदामातून आधी निघाला की दुकानात आधी शिरला, हे मग ठरवता येत नाही.

११/ वेळेचे हे मोल जालन्याच्या एका खटल्यात दिसले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ नंतर दाखल झाल्याचा आक्षेप घेत पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर व्हिडिओ कॅमेरे होते. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती निवडणूक रद्द ठरवली.

१२/ सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम राखला आणि एक नियम स्पष्ट केला. मूळ यंत्रच न्यायालयात आणले तर प्रश्न नाही. पण त्यातील नोंदीची प्रत सादर करायची असेल, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार प्रमाणपत्र अनिवार्य. ते यंत्राची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने द्यायचे. मागूनही ते मिळाले नाही, तर न्यायालय ते सादर करण्याचा आदेश देऊ शकते. जालन्यात अर्जदारांनी वारंवार मागणी करूनही ते मिळाले नव्हते; म्हणून त्यांना त्या अटीतून सूट मिळाली.

१३/ याचा अर्थ खोल आहे. पडदा एक झाला, तरी साक्ष एक होत नाही. घटना घडल्यावर न्यायालय पडद्यापाशी थांबत नाही. ते त्या एका रेकॉर्डरपर्यंत, त्याच्या घड्याळापर्यंत आणि त्याच्या सांभाळणाऱ्यापर्यंत जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, कलम ६३ मध्ये, प्रमाणपत्राची ही अट कायम आहे.

१४/ बार्शीची छोटी गाडी आता नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडी–बार्शी–लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि फलाटावरची ती चढउतार संपली. मात्र माल कोणाचा, किती आणि केव्हा निघाला, याची नोंद ठेवणारा माणूस रुंद रुळांनाही लागलाच. आडतदाराच्या तीन रेकॉर्डरचेही तसेच आहे. ते एका पडद्यावर येतील. पण तिन्हींचे घड्याळ तपासणे आणि नोंद जपणे, हे काम पडदा करणार नाही.