कॉरोनेशन चित्रगृह व त्याच्या जाहिरातींची साक्ष

मुंबईस गिरगांवांत सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे हल्लींच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर, कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ अँड व्हरायटी हॉल या नांवाचें प्रेक्षागृह होतें. ती वास्तु आज उभी नाहीं. देवालय पडलें तरी शिलालेख उरतो. करमणुकीचें गृह पडल्यावर उरतात त्या केवळ जाहिराती. तेव्हां त्या साधनाची किंमत प्रथम ठरविली पाहिजे.

नांवांतील 'व्हरायटी' हा शब्द शोभेचा नव्हे. ता. ३ मे १९१३ रोजीं दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' येथें लोकांस दाखविण्यांत आला, तत्पूर्वीं ता. २१ एप्रिल रोजीं ग्रँट रोडवरील ऑलिंपियांत निमंत्रितांसाठीं खेळ झाला होता. कॉरोनेशनच्या कार्यक्रमांत चित्रपटाच्या जोडीस मिस आयरीन डेलमार हिचें नृत्य, मॅक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश व अलेक्झांडर याची पायांनीं वस्तु झेलण्याची करामत हीं कलमें होतीं. सत्त्वपरीक्षेच्या आख्यानास असा शेजार लाभला, यावरून चित्रपट हा तेव्हां स्वतंत्र प्रयोग नसून संमिश्र करमणुकीचा एक भाग होता, असें ठरतें. ही माहिती ग्राह्य होय. खेळाची तारीख व पात्रांचीं नांवें खोटीं छापून चालकांस लाभ नव्हता.

आंकड्यांची गोष्ट निराळी. ता. १८ मे १९१२ रोजीं येथेंच दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' लागला. आठवड्याच्या आंत मुंबईच्या जवळजवळ निम्म्या हिंदूंनीं तो पाहिला, असें पुढील जाहिरात सांगते. १९११ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती सुमारें पावणेदहा लाख व तींत हिंदूच बहुसंख्य; इतके लोक एका प्रेक्षागृहांत आठवड्यांत मावणें अशक्य. 'राजा हरिश्चंद्रा'च्या एका जाहिरातींत ५७,००० छायाचित्रें व दोन मैल लांबी असे दोन आंकडे आहेत. फुटास १६ छायाचित्रें धरल्यास ५७,००० चीं सुमारें ३,५६० फूट होतात; चित्रपटाची नमूद लांबी ३,७०० फूट असल्यानें हा आंकडा जुळतो. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट! एकाच कागदावर साधार व निराधार शेजारीं नांदतात तीं अशीं.

तात्पर्य, जाहिरात त्याज्य नव्हे, परीक्ष्य आहे. बखरीस आपण जो न्याय लावतों तोच येथें लावावा. जुन्या दप्तरांत हस्तपत्रकें आढळल्यास संग्राहकांनीं रद्दींत न टाकतां पोथीप्रमाणें जपावीं, ही विनंति. पडलेल्या वास्तूचे तेच अवशेष होत.