ओळखीची खूण : बंदरावरची तपासणी आणि जुन्या जखमा

परदेशी जायचं ठरलं की घरात बॅगांची, लोणच्यांच्या बरण्यांची, कागदपत्रांची गडबड सुरू होते. त्या गडबडीत बाईच्या मनात एक भीती असते, ती कुणाला सांगत नाही. ती असते ‘मेडिकल’ची. आमच्या कार्यक्रमाकडे आलेल्या प्रश्नांत याच भीतीचे प्रश्न बरेच होते. पाय मोडला होता, आत रॉड आहे, तो एक्सरेत दिसेल का? स्टोव्हच्या भडक्यात हात भाजला होता, ते व्रण बघून काही विचारतील का? सिझेरियन दोनदा झालंय, सांगावं की लपवावं? एका ताईंनी लिहिलं होतं की जखम बरी होऊन वीस वर्षं झाली, पण ती कशी झाली हे नवऱ्यासमोर कसं सांगू?

आम्ही डॉक्टर नाही. पण ही भीती आली कुठून हे शोधायला बसलो, तर ती चांगली पावणेदोनशे वर्षांची निघाली. म्हणून आज आधी इतिहास, आणि मग आजचे नियम.

शाळेच्या दाखल्यावर, परीक्षेच्या अर्जावर ‘ओळखीची खूण’ हा रकाना आपण सगळ्यांनी भरलाय. कपाळावर व्रण, डाव्या गुडघ्यावर डाग, असं काहीतरी आपण लिहितो. हीच खूण एके काळी समुद्र ओलांडणाऱ्या मजुराच्या परवान्यावर लिहिली जायची. गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १८३४ पासून मॉरिशसला, पुढे कॅरिबियन बेटांना, नाताळला आणि १८७९ पासून फिजीला करारावर मजूर नेले. ‘अ‍ॅग्रीमेंट’ शब्दाचं लोकांनी ‘गिरमिट’ केलं. कलकत्त्याहून फिजीला जाणाऱ्या बायकांसाठी वेगळा छापील परवाना असे. त्यावर नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची आणि ‘शरीरावरील खुणा’. खाली डॉक्टरांची सही, की या बाईला आम्ही तपासलं, तिला शरीराचा किंवा मनाचा रोग नाही, तिला देवीची लस टोचली आहे, ती जायला लायक आहे.

म्हणजे एकाच कागदावर व्रणही लिहिलेला आणि बाई निरोगी असल्याचा दाखलाही. जखमेची खूण असणं हा तिथे दोष नव्हता. पळून गेली तर ओळखता यावी म्हणून ती खूण लिहून ठेवायची. पारखायचं होतं ते एवढंच, की ऊस तोडायला हात चालतात का. शिवाय दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका नेल्याच पाहिजेत असा नियम होता. बायका भरल्या नाहीत तर जहाज अडायचं. अशा वेळी एजंटाला बाई नापास होणं परवडणारं नव्हतं, हे उघड आहे. त्या बायका बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातल्या होत्या. आपली माणसं मुख्यतः मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली, त्यांत कोकणातली बरीच. पोर्ट लुईला उतरल्यावर धक्क्यावरच्या १६ पायऱ्या चढून ती आत जात. तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे, आणि त्यात मजुरांसाठीच्या दवाखान्याचे अवशेषही आहेत.

पायऱ्यांवरून आठवलं. या सगळ्या इतिहासात सर्वांत प्रसिद्ध जिना आहे तो न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरचा. १ जानेवारी १८९२ ला तिथलं ठाणं सुरू झालं आणि १९५४ पर्यंत सुमारे सव्वा कोटी माणसं तिथून अमेरिकेत शिरली. त्याआधीच, १८९१ च्या कायद्याने प्रत्येक परदेशी माणसाची डॉक्टरी तपासणी सक्तीची केली होती. पण ‘प्रत्येक’ या शब्दाला फाटे होते. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या उतारूंना जहाजावरच जुजबी बघून सोडत. बेटावर आणत ते तळमजल्यावरच्या, म्हणजे सगळ्यांत स्वस्त तिकिटाच्या लोकांना. तिकिटाची किंमत बघून तब्येत ठरवण्याची ही रीत आम्हाला काही नवी वाटली नाही.

सामान हातात, पोर कडेवर, आणि समोर उंच जिना. लोकांना वाटे, आता वर जाऊन तपासणी. तपासणी जिन्यातच सुरू झालेली असे. वर उभे असलेले डॉक्टर बघत, कुणाला धाप लागते, कोण लंगडतं, कोण कठड्याला धरून चढतं. एका माणसासाठी काही सेकंद. संशय आला की डॉक्टर त्याच्या अंगावरच्या कपड्यावर खडूने अक्षर काढत. लंगडेपणासाठी एक, पाठीसाठी एक, हृदयासाठी एक, गलगंडासाठी एक, अंतर्गळासाठी एक, गरोदर बाईसाठी वेगळं, आणि मन ठीक नसल्याचा संशय असेल तर फुलीसारखं चिन्ह. ज्याच्या कोटावर खडू, त्याला रांगेतून बाजूला काढून सखोल तपासणीला नेत. भाषा येत नाही, आपल्या पाठीवर काय लिहिलंय हे वाचता येत नाही, आणि नवरा पुढच्या रांगेत निघून गेलाय! कल्पना करा.

सगळ्यांत जास्त धसका मात्र डोळ्यांच्या तपासणीचा. खुपऱ्यांचा रोग, म्हणजे ट्रॅकोमा, शोधायला डॉक्टर पापणी उलटी करून बघत. त्यासाठी कधी बोटं, तर कधी बुटाची बटणं लावायचा आकडा वापरत. खुपऱ्या सापडल्या की बहुधा परतीचं जहाज.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. जुन्या दुखापतीचं काय होत असे? १८९१ च्या कायद्यात रोख होता घृणास्पद किंवा धोकादायक संसर्गजन्य रोगांवर, वेडावर, आणि ‘सरकारवर भार होईल’ अशा माणसावर. हा तिसरा शब्द रबरासारखा ताणता येणारा होता. मग १९०७ च्या कायद्याने आणखी एक दार बंद केलं: पोट भरण्याच्या आड येईल असं शारीरिक किंवा मानसिक व्यंग असलेल्यांना मनाई. बस, इथे मोडून वाकडं जुळलेलं हाड, आखडलेलं बोट, भाजून ओढलेली कातडी, लहानपणच्या आजाराने बारीक झालेला पाय, सगळं कागदावर आलं. जखम बरी झाली का, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, या शरीरातून किती काम निघेल? करारावरच्या मजुरालाही हाच प्रश्न होता, फक्त तिथे नियम माणूस न्यायला वाकवत आणि इथे अडवायला.

एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. परत पाठवायचं की नाही, हे डॉक्टर ठरवत नसत. ते दाखला लिहून देत. निर्णय तीन अधिकाऱ्यांचं खास चौकशी मंडळ करी, आणि त्यावर वॉशिंग्टनला अपील करता येई. स्थलांतरितांना मदत करणाऱ्या संस्थांची माणसं बेटावर असत आणि ती अपिलं लिहून देत. पाय अधू असला तरी शिंप्याचं काम बसून होतं, भाऊ इथे आहे, तो जामीन राहील, असं मांडता येई. एकट्या बाईचं मात्र कठीण. धडधाकट असली तरी तिला ‘भार होईल’ म्हणून अडवून ठेवत, घ्यायला नातेवाईक येईपर्यंत किंवा तार येईपर्यंत. लहान मुलाला परत पाठवायचं ठरलं तर आई-बापांपैकी एकाला त्याच्याबरोबर परत जावं लागे. हा निर्णय एका दिवसात, त्या बाकावर बसून घ्यायचा.

आकडा सांगितला पाहिजे, नाहीतर चित्र खोटं होईल. एलिस बेटावरून परत पाठवलेले लोक शंभरात साधारण दोन. अठ्ठ्याण्णव पार झाले. पण त्या अठ्ठ्याण्णवांनीही जिना चढताना श्वास रोखून धरला होता. शिवाय जहाज कंपन्यांवर परतीचा खर्च आणि १९०३ पासून आजारी उतारूमागे १०० डॉलर दंड होता, म्हणून कंपन्या युरोपातल्या बंदरांतच माणसं तपासून गाळायच्या. ती गाळलेली माणसं या दोन टक्क्यांत नाहीत.

आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोचल्या १८८३ साली, एलिस बेट सुरू होण्याच्या नऊ वर्षं आधी. त्यांची प्रकृती निघण्यापूर्वीपासूनच तोळामासा होती. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८८७ मध्ये त्या क्षयाने गेल्या. नंतरच्या नियमांनी कुणी त्यांची छाती नीट तपासली असती, तर पहिली भारतीय स्त्री डॉक्टर धक्क्यावरूनच परतली असती का, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोजवळ १९१० ते १९४० एंजल बेट होतं. तिथे चिनी, जपानी आणि आपल्याकडचे पंजाबी उतारू जास्त, आणि तिथलं हत्यार होतं पोटातल्या हुकवर्मची तपासणी. अनवाणी शेतात राबणाऱ्या कुणाच्याही पोटात तो निघायचाच, आणि औषधाने जायचाही. तरी त्यावरून माणसं अडवली. १९२४ नंतर अमेरिकेने तपासणी मूळ देशातच, वकिलातीमार्फत करायला सुरुवात केली. आज मुंबईत ठरवून दिलेल्या दवाखान्यात जावं लागतं, त्याचं मूळ हे.

आणि १९७९. जानेवारी महिन्यात लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी उतरली. ती खरंच अविवाहित आहे का हे बघायला तिची कौमार्य तपासणी केली, तीही पुरुष डॉक्टरने. नाही म्हटलं तर परत पाठवतील या भीतीने तिने कागदावर सही केली. बातमी छापून आली, भारत सरकारने निषेध केला, लंडनमधल्या आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांच्या संघटनांनी विमानतळावर ठिय्या दिला, आणि प्रकार बंद झाला. पुढे सरकारी कागदांतून उघड झालं की अशा निदान ऐंशी बायका होत्या, आणि बऱ्याच जणींची तपासणी भारतातच, व्हिसाच्या कचेऱ्यांमार्फत झाली होती. म्हणून मेडिकलच्या नावाने बाई बिचकते तेव्हा तिला कुणी ‘उगाच घाबरतेस’ म्हणू नये.

आता आजचं. अमेरिकेत कायमचं राहायला जाताना अडवणाऱ्या गोष्टींची यादी छोटी आहे: क्षयासारखे ठरावीक संसर्गजन्य रोग, लशी न घेणं, अमली पदार्थांचं व्यसन, आणि ज्यातून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका आहे असा विकार. मोडून जुळलेलं हाड, आतला रॉड, टाके, भाजल्याचे व्रण या यादीत नाहीत. छातीचा एक्सरे काढतात तो क्षयासाठी. बरगडी कधी मोडली असेल तर ती जुळलेली दिसते, आणि डॉक्टरांना ती ओळखता येते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया उपचारांच्या खर्चाचा हिशेब करतात, पण तो चालू, महागड्या आजारांचा. जुन्या फ्रॅक्चरचा नाही.

खरी अडचण येते ती जुन्या क्षयाच्या डागाची. अमेरिकेसाठी मग तीन दिवस थुंकी तपासतात, आणि कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे लागू शकतात, म्हणून तिकीट आधी काढू नका. उपचार पूर्ण केल्याचं कार्ड, जुने एक्सरे बरोबर न्या. आखाती देशांचे नियम जास्त कडक आहेत. तिथे बरा झालेला डागही ‘अनफिट’ ठरवू शकतो. एजंटला पैसे देण्याआधी आपल्या डॉक्टरकडून साधा एक्सरे काढून बघा. गरोदर असाल तर एक्सरेच्या आधी सांगा.

शस्त्रक्रिया लपवू नका. खोटं सांगितल्याचा त्रास आजारापेक्षा जास्त होतो. डिस्चार्ज कार्ड सापडत नसेल तर साल आणि दवाखान्याचं गाव लिहून न्या. आणि त्या पत्र लिहिणाऱ्या ताईंसाठी: तपासणीच्या खोलीत नवऱ्याने असावं असा नियम नाही. डॉक्टरांना सांगायचं, मला एकटीला बोलायचंय. पुरुष डॉक्टर असतील तर तपासताना सोबतीला बाई हवी, हे आधी काउंटरवर सांगून ठेवायचं.