मिशनरी कुटुंबांतील मुलांचे शिक्षण व मराठी भाषा : बुलढाणा जिल्ह्याच्या निमित्ताने

वऱ्हाडातील मिशनकार्याचा विचार करताना धर्मांतर, दुष्काळातील मदत, शाळा व दवाखाने यांचीच चर्चा बहुधा होते. परंतु या कार्यासाठी जी परदेशी कुटुंबे येथे येऊन राहिली त्यांच्या मुलांचे शिक्षण कसे झाले, हा प्रश्न सहसा कोणी उपस्थित करीत नाही. भाषेच्या अभ्यासकास तर तो महत्त्वाचा वाटावयास हवा. कारण ही मुले मराठी मुलखात बोलू लागत आणि शाळेचे वय होताच त्या मुलखापासून दूर नेली जात.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, शेगाव यांवरून गेला आणि १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत फाटा झाला. कापसाच्या मागोमाग मिशनरीही या वाटेने आले, असे म्हणावयास हरकत नाही. ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ मध्ये स्थापिलेल्या दोन संस्थांच्या एकीकरणातून १८९७ साली ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ ही अमेरिकन संस्था उभी राहिली. तिचे वऱ्हाडातील प्रमुख ठाणे अकोल्यास होते व बुलढाणा जिल्ह्यातही तिची ठाणी होती. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर खामगावचे अनाथ मुलींचे आश्रयस्थान याच संस्थेने चालविले.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग स्थानिक लोक मानतात, आणि ही विभागणी केवळ जमिनीची नाही. घाटाखाली मलकापूर-खामगावकडे ‘मला, तुला’ या रूपांऐवजी ‘मले, तुले’ ही रूपे ऐकू येतात व ‘डोळा’ या शब्दाचा ‘डोया’ होतो; घाटावर मेहकरकडील बोलणे मराठवाड्यास जवळचे आहे. मिशनरी आईबाप मराठी शिकत ती मोल्सवर्थच्या कोशाच्या व व्याकरणग्रंथांच्या साहाय्याने, म्हणजे पुणेरी वळणाची. मुलाच्या कानावर मात्र पडे ती आयेची व आवारातील गड्यांची बोली. एकाच बंगल्यात अशा दोन मराठी नांदत. ‘आया’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. ‘आई’ शब्दाच्या अनेकवचनाशी त्याचा उच्चार जुळावा हा निव्वळ योगायोग, पण या मुलांच्या बाबतीत तो फारसा चुकीचाही नाही.

शाळेचा प्रश्न सुटावयाचा कसा? जुन्या पिढीपुढे मार्ग एकच होता : मूल मायदेशी पाठविणे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईस आले. त्यांच्या पत्नी १८२५ साली दोन मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या. एक मूल वाटेतच गेले, आणि १८२६ च्या मार्चमध्ये हॉल स्वतः नाशिकच्या परिसरात पटकीने वारले. ह्यूम घराण्याची कथाही याच प्रकारची. रॉबर्ट विल्सन ह्यूम कुटुंबासह १८५४ साली स्वदेशी जात असता जहाजावरच निवर्तले. विधवा मातेने मुलांना अमेरिकेत वाढविले. त्यांपैकी १८४७ साली मुंबईत जन्मलेला रॉबर्ट ॲलन तेव्हा सात वर्षांचा होता. येल येथील शिक्षण पुरे करून तो १८७४ साली परतला आणि त्याने अहमदनगरास अर्धशतक काम केले. त्याचे बंधू एडवर्ड हेही मुंबईस परतले. एडवर्ड यांचे मुंबईत जन्मलेले पुत्र रॉबर्ट अर्नेस्ट यांनी तेरा प्रमुख उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद १९२१ साली प्रसिद्ध केला. बालपणी ऐकलेली मराठी वीस वर्षांच्या खंडानंतर कितपत शिल्लक राहते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पण जन्मभूमीची ओढ शिल्लक राहत असे, हे ह्यूम घराण्याच्या तीन पिढ्यांवरून दिसते.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि महिनेच्या महिने लागणारा प्रवास आठवड्यांवर आला. तरीही दरवर्षी सुटीस यावे इतके अंतर ते नव्हतेच. आईबापांची भेट व्हावयाची ती त्यांच्या ‘फर्लो’मध्ये. हा शब्द मूळचा डच. इंग्रजीमार्गे तो मराठी कचेऱ्यांत रुळला आणि आज तुरुंगातील कैद्याच्या रजेसही लावला जातो. फर्लो संपली की आईबापांनी बोटीवर चढावयाचे आणि मुलांनी नातेवाइकांकडे किंवा मिशनरी मुलांसाठी चालविलेल्या वसतिगृहात राहून शाळेत परत जावयाचे, असा क्रम असे. त्यागाची किंमत आईबापांनी ठरविली, पण ती भरली मुलांनी.

१९०१ साली कोडाइकनाल येथे अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढली. तेरा मुलांनिशी ती सुरू झाली व मार्गारेट एडी या तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका होत. वऱ्हाडातून तेथे जावयाचे तर भुसावळ, मनमाड, दौंड, रायचूर असे करीत मद्रास गाठावयाचे आणि तेथून पुन्हा दक्षिणेची गाडी. समुद्र टळला, पण मराठी मुलूख सुटावयाचा तो सुटलाच. उन्हाळ्यात आईबाप डोंगरावर येत. थंडीच्या मोठ्या सुटीत मुले घरी जात व सुटी संपताच परतत. शाळेची भाषा इंग्रजी, अभ्यासक्रम अमेरिकन महाविद्यालयांवर दृष्टी ठेवून आखलेला आणि सभोवतालची भाषा तमिळ. मराठी राहिली ती सुटीपुरती.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. एतद्देशीय मुलांस त्यांच्याच भाषेत शिकवावे, असा अमेरिकन मराठी मिशनचा आग्रह एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इतका तीव्र होता की इंग्रजी शिक्षणावरून त्या मिशनमध्येच वाद झाले. तो आग्रह धरणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी मात्र मराठी ही आयेची व अंगणाची भाषा होती, पाटीपुस्तकाची नव्हे. ढोंग म्हणून ही गोष्ट निकालात काढणे अन्यायाचे होईल. मुलांना अखेर ज्या समाजात जगावयाचे त्याचे शिक्षण त्यांना देणे भाग होते.

खामगावच्या अनाथ मुलींची स्थिती याच्या नेमकी उलट होती. त्यांची मराठी सुटली नाही. दुष्काळाने माणसे व घर तेवढे हिरावून नेले होते. सुटी लागली म्हणजे बंगल्यातील मूल हजार मैलांवरून आईबापांकडे येई आणि सुटी सरताच पेट्या बांधून स्टेशनावर जाई. अनाथालयातील मुलीस येण्याजाण्याचे कारणच पडत नसे. तिची शाळा, तिचे घर आणि तिची सुटी ही तिन्ही एकाच आवारात होती.