जाड खुंट, बारीक काडी : कलमांच्या इतिहासातले एक पान

मराठीत ‘कलम’ म्हणजे लेखणी, कायद्यातले कलम आणि आंब्याचेही कलम. शब्द अरबी, मूळ अर्थ बोरूची लेखणी. फारसीत तो झाडाच्या छाटलेल्या काडीलाही लागला आणि त्याच वाटेने आपल्याकडे आला. बोरूचे टोक तिरपे कापावे लागते, कलमाची काडीही तिरपीच तासतात. उर्दूत कलमासाठी आणखी एक शब्द आहे, ‘पैवंद’. कपड्याला लावलेले ठिगळही पैवंदच. पण ठिगळ वरून शिवलेले असते. कलम आतून जुळावे लागते.

ही जुळणी सोपी नाही. खुंट, म्हणजे मुळासकटचे झाड, बरेचदा दंडाएवढे जाड असते आणि चांगल्या जातीची काडी पेन्सिलीएवढी. मग दोघांची सांगड कशी घालायची?

माळ्यांनी याचे उत्तर फार पूर्वीच शोधले होते. झाडाचा वाढणारा भाग मधल्या लाकडात नसून साल आणि लाकूड यांच्यामधल्या पातळ थरात असतो. त्यामुळे बारीक काडी जाड खुंटाच्या मधोमध खोवली तर ती वाळते. ती कडेला, खुंटाच्या आतल्या सालीला भिडवून बसवावी लागते. काडीच्या दोन्ही बाजू जुळत नसतील तर एक बाजू नीट जुळली तरी पुरते. जुन्या खोडाची साल जाड असते, म्हणून वरचा पृष्ठभाग सपाट करण्यापेक्षा आतला थर जुळवणे महत्त्वाचे. खोड फारच रुंद असेल तर कडेने दोन-तीन काड्या बसवतात.

इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात रोममधल्या केटोने शेतीवरच्या ग्रंथात नेमके हेच लिहिले आहे. फांदी कापा, साल आणि लाकूड यांच्यात टोकदार काडीने जागा करा, तिथे कलमाची काडी सरकवा, वर माती, थोडी वाळू आणि गाईचे शेण मळून लिंपा. शेणमातीचा लेप आपल्याकडच्या माळ्यालाही नवा नाही.

हे ज्ञान पुढे अरबी ग्रंथांत आले. अंदलुसमध्ये, म्हणजे मुस्लीम राजवटीतल्या स्पेनमध्ये, अकराव्या शतकात टोलेडोच्या इब्न बस्सालने आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने शेतीवर ग्रंथ लिहिले. इब्न अल-अव्वामच्या ‘किताब अल-फिलाहा’त कलमांवर स्वतंत्र प्रकरण आहे. जुन्या लेखकांची मते तो नावानिशी देतो आणि स्वतः शेतात करून पाहिलेलेही सांगतो. या मंडळींनी झाडांचे चार गट केले होते : तेलकट, डिंकाची, दुधाळ चिकाची आणि पाणीदार रसाची. ऑलिव्ह तेलकट, बदाम-जर्दाळू डिंकाचे, अंजीर चिकाचे, सफरचंद-नाशपाती पाणीदार. कलम शक्यतो एकाच गटात करावे, असा त्यांचा आडाखा. आजचे वनस्पतिशास्त्र हे गट मानत नाही, पण त्यामागची समज खरी आहे : जाडीतला फरक हाताच्या कसबाने भरून काढता येतो, नात्यातले अंतर येत नाही.

भारतात या कलेची एक लेखी नोंद बादशाह जहांगीरच्या आत्मचरित्रात सापडते. काश्मीर 1586 मध्ये मोगल राज्यात आले. त्याआधी तिथे शाहआलू, म्हणजे चेरी, नव्हती. मुहम्मद कुली अफशारने ती काबूलहून आणून लावली आणि त्या मुलखात पैवंदाची रीत रुजवली, असे जहांगीर लिहितो. बादशाहाने लिहिले म्हणून एका बागाईतदाराचे नाव तरी उरले. अशी कलमे बांधणारे असंख्य हात निनावीच राहिले.

कोकण-गोव्यात आंब्याच्या कलमांना चालना मिळाली ती पोर्तुगीज काळात. सतराव्या शतकात भारतात आलेला व्हेनिसचा मनुची गोव्यातल्या उत्तम आंब्यांची नावे देतो, त्यांत एक निकोलाव अफोंसोच्या नावाचा आंबा आहे. हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल याची खात्री नाही, म्हणून कलमावाचून गत्यंतर नव्हते. भेटकलमात काडी मूळ झाडाला जोडलेलीच ठेवून कुंडीतले रोप तिच्याजवळ आणतात आणि दोघांची साल तासून बांधतात. तिथेही शक्यतो सारख्या जाडीची फांदी निवडतात. पण जुने रायवळ झाड हापूस करायचे असेल तर जाडीचा प्रश्न पुन्हा येतो. तेव्हा खोड छाटून नवी फूट येऊ देतात आणि त्या कोवळ्या फुटींवर कलम बांधतात.

जुळल्यानंतरही खुंट खुंटच राहतो आणि काडी काडीच. मुळे रायवळची, फळ हापूसचे. कोणी कोणाला गिळत नाही. हल्ली शब्द असो वा पदार्थ, ‘हे मुळात आपले आहे का’ असे विचारायची सवय वाढली आहे. बाजारात हापूसची पेटी घेताना हा प्रश्न विचारून पाहावा. त्याचे नाव पोर्तुगीज, कलम हा शब्द अरबी आणि मुळे कोकणातल्या रायवळ कोयीची. यातला कोणता भाग परका म्हणून काढून टाकायचा?