म्हैसूरचा कचरा आणि तपासणीसाचा पगार

आज म्हैसूरला जाऊ, पण राजवाडा बघायला नाही. चामुंडी टेकडीच्या बाजूला विद्यारण्यपुरम नावाचा भाग आहे. तिथल्या एका जागेला लोक अजून ‘सुएज फार्म’ म्हणतात, आणि तिथल्या कंपोस्ट कारखान्याला ‘एक्सेल प्लांट’. आशियाई विकास बँकेचं कर्ज घेऊन कर्नाटक सरकारने काही शहरांत जी नागरी कामं केली, त्यांतला हा कारखाना. क्षमता रोज २०० टनांची, आणि शहराचा कचरा सुमारे ४०० टन. म्हणजे निम्मा कचरा कारखान्याच्या तोंडात मावतच नव्हता. तो शेजारी साठत गेला, त्याचे ढीग झाले, आणि आजूबाजूच्या वस्त्या वर्षानुवर्षं दुर्गंधीविरुद्ध तक्रारी आणि आंदोलनं करत राहिल्या.

याच म्हैसूरला ऑगस्ट २०१५मध्ये ४७६ शहरांत स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिळाला. फेब्रुवारी २०१६मध्ये ७३ शहरांत पुन्हा पहिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रस्ते खरोखर स्वच्छ होते, आणि ढीगही खरोखर होते.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यात लबाडी दिसली. आता तसं वाटत नाही. कचऱ्याच्या सरकारी पैशाचा इतिहास बघताना मी एकच प्रश्न हातात धरतो: हा पैसा उभारायला दिला, की उभारलेलं चालतंय का हे पाहायला?

सुरुवात प्लेगपासून. १८९६मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला, आणि १८९८मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याच १८९८मध्ये साथ म्हैसूर संस्थानात पोचली, आणि १९०३मध्ये म्हैसूर शहराला स्वतःचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट मिळाला. रुंद रस्ते, गटारं, मोकळ्या वसाहती अशी ही सगळी उभारणीच होती, आणि ती चांगली झाली. म्हैसूरच्या आजच्या नावलौकिकात तिचा वाटा मोठा आहे.

आता कंपोस्टची गोष्ट, जी मला फार आवडते. होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ‘इंदूर पद्धत’ बसवली. दोघांचं पुस्तक १९३१चं. जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांना हॉवर्ड माहीत असतात. वाडांचं नाव मात्र आपल्याकडेही फारसं कुणी घेत नाही. पुढे १९३९च्या सुमारास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी शहरी कचरा आणि मैला खड्ड्यात थरांनी कुजवण्याची ‘बंगळुरू पद्धत’ बसवली. मग महायुद्धाच्या काळात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम आली, आणि केंद्र सरकारने शहरी कंपोस्टच्या योजनेला पैसा दिला. या योजनेत प्रांतांच्या जैवरसायनतज्ज्ञांना बंगळुरात शिक्षण दिलं गेलं. परत गेल्यावर त्यांनी आपल्या प्रांतातल्या नगरपालिकांचे खड्डे बघायचे, थर बरोबर पडतायत का, खत नीट कुजलंय का ते तपासायचं. पाहणाऱ्या माणसावर खर्च केलेलं हे अनुदान. अशी उदाहरणं पुढे फार सापडत नाहीत.

कारण मग यंत्रं आली. १९७५ ते ८० या काळात केंद्राच्या मदतीने मोठ्या शहरांत रोज १५० ते ३०० टनांचे यांत्रिक कंपोस्ट कारखाने उभे राहिले. मुंबई, बडोदा, दिल्ली, बंगळुरू. बहुतेक काही वर्षांतच बंद पडले. न निवडलेला कचरा, त्यात काचा आणि प्लास्टिक, वर खताला गिऱ्हाईक नाही. अनुदान भांडवलाचं होतं, चालवण्याचं नव्हतं.

१९९६मध्ये बंगळुरूच्या अल्मित्रा पटेल सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या खटल्यातून समिती आली, आणि सप्टेंबर २०००मध्ये शहरी घनकचऱ्याचे देशभर लागू होणारे पहिले नियम. आता प्रत्येक प्रक्रिया केंद्राला आणि भरावभूमीला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी हवी. मंडळाने ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. सगळ्या शहरांनी ३१ डिसेंबर २००३पर्यंत प्रक्रिया केंद्रं उभी करायची, आणि त्यांच्या कामाची दर सहा महिन्यांनी पाहणी व्हायची. कागदावर उत्तम. ती तारीख तुमच्या माझ्या बहुतेक शहरांत तशीच निघून गेली.

पैसा आला नाही असं नाही. बाराव्या वित्त आयोगाने २००५ ते १० साठी शहरांना ५००० कोटी दिले, आणि त्यातली किमान निम्मी रक्कम घनकचऱ्यासाठी राखली. पुढे स्वच्छ भारत अभियानातही कचरा प्रकल्पांना केंद्राचा हिस्सा मिळाला. पण हे सगळं महापालिकांना, म्हणजे परवानगी मागणाऱ्यांना. परवानगी देणाऱ्या मंडळांची कमाई मुख्यतः उद्योगांच्या संमती शुल्कातून. केंद्राकडून त्यांना एक बांधलेला झरा होता, १९७७च्या कायद्याने बसवलेला पाणी उपकर, ज्याचा मोठा वाटा त्यांच्याकडे परत यायचा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि हा उपकर गेला.

आता एक आडवळण, पण कामाचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात कचरा केंद्रांना परवानगी देणारी आणि तपासणारी यंत्रणा स्थानिक असते, सहसा जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात. परवानाधारक केंद्राची महिन्यातून किमान एकदा तपासणी व्हावी असा तिथला कायदा आहे. आणि राज्य सरकार या स्थानिक यंत्रणांना मिळून दरवर्षी १५ लाख डॉलर वेगळे देतं, फक्त परवाने आणि तपासणीच्या कामासाठी. एवढ्या श्रीमंत राज्याला ही रक्कम किरकोळच. पण हिशेबात तिचं वेगळं खातं आहे. तपासणीस ठेवलाय तर त्याचा खर्चही कुणाला तरी करावा लागतो, एवढं त्यांनी मान्य केलंय.

आपल्याकडे अडचण पैशापलीकडचीही आहे. कारखान्याने नियम मोडले तर मंडळ त्याला टाळं लावू शकतं. शहराच्या डेपोला टाळं कसं लावणार? दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाड्या दारात उभ्याच. हे मुंबईत उघड दिसलं. १९२७पासूनच्या देवनार डेपोला जानेवारी २०१६मध्ये मोठी आग लागली. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कचरा थांबवला नाही, शहरातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या! सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८मध्ये त्यात सूट दिली. तपासणीसाच्या हातात जे हत्यार नव्हतं, ते न्यायालयाला दुसरीकडून शोधून आणावं लागलं.

मग म्हैसूर पहिलं आलं कसं? त्याचं एक उत्तर कुंबारकोप्पलला मिळतं. तिथल्या ‘शून्य कचरा’ केंद्रात रहिवाशांचा संघ आणि बचत गटाच्या बायका मिळून काम करत आल्या. घरचा कचरा येतो, हाताने निवडला जातो, ओल्याचं खत होतं, सुक्याचे प्रकार वेगवेगळे करून विकले जातात. इथे पाहणी सहा महिन्यांनी होत नाही. पिशवी उघडणारीच तपासणीस असते, आणि काच निघाली तर पहिल्यांदा तिचाच हात कापतो. हे अनुदानाच्या फॉर्मात कुठल्या रकान्यात लिहायचं, मला कळत नाही.

२०१७मध्ये ४३४ शहरांच्या सर्वेक्षणात म्हैसूर पाचव्या क्रमांकावर गेलं आणि इंदूर पहिलं आलं. हॉवर्ड-वाडांचं इंदूर. त्या वर्षी २००० गुणांपैकी ९०० कागदपत्रांना, ६०० नागरिकांच्या मताला, आणि प्रत्यक्ष जाऊन डोळ्यांनी पाहण्याला ५००.

तुमच्या शहराचं बघायचं असेल तर महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. २०१६च्या नियमांनी रोज पाच टनांवरच्या केंद्राला मंडळाची परवानगी सक्तीची केली होती. त्या परवानगीची प्रत मागा, आणि शेवटच्या पाहणीचा अहवालही. प्रत हातात आली की आधी मुदत संपल्याची तारीख वाचा.