बेटांवरची वर्दी आणि उसने उपग्रह

वादळाचें भाकीत करणें आणि वादळाची वर्दी देणें या दोन गोष्टी सामान्यतः एकच समजल्या जातात. वस्तुतः त्यांत महदंतर आहे. पहिलें काम शास्त्रज्ञाचें. तें वेधशाळेंत पुरें होतें. दुसरें काम मात्र समुद्रकांठच्या झोंपडींतील माणसाच्या कानीं शब्द पडल्यावांचून पुरें होत नाहीं. प्रशांत महासागरांतील लहान बेटांचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे पहिल्या कामाची भरभराट होत असतां दुसरें किती परावलंबी राहिलें हें ध्यानीं येतें.

सॉलोमन द्वीपसमूहाच्या पूर्व टोंकास टिकोपिया नांवाचें सुमारें 5 चौरस किलोमीटरांचें बेट आहे. रेमंड फर्थ यांच्या 1936 सालच्या ग्रंथामुळें तें मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. 28 डिसेंबर 2002 रोजीं ‘झोई’ नामक प्रचंड चक्रीवादळानें या बेटास गांठलें. फिजींतील नांडी येथील केंद्र उपग्रहाच्या चित्रांवरून वादळाचा माग घेत होतें. म्हणजे वादळ कोठें आहे हें जगास ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें इतकेंच, कीं बेटावरचीं माणसें जिवंत आहेत कीं नाहींत! त्यांच्याशीं बोलण्याचें साधन उरलें नव्हतें, आणि मदतीचें जहाज पोंचण्यास आठवडा लागला. घरें व पिकें उद्ध्वस्त झालीं होतीं, गोड्या सरोवरांत समुद्र शिरला होता. परंतु प्राणहानि झाली नव्हती. लोकांनीं उंचावरील खडकांच्या आडोशाचा आश्रय केला होता. अर्थात् त्यांस तारलें तें वाडवडिलांच्या शहाणपणानें, यंत्रानें नव्हे.

यंत्रांचा शोध लागला नव्हता असें मात्र नाहीं. लघुलहरींचा रेडिओ या बेटांचा जुना सोबती. त्याच्या लहरी वातावरणाच्या विद्युन्मय थरावर आपटून परत पृथ्वीकडे वळतात, म्हणून थोड्या शक्तीनें शेंकडों कोस मजल मारतात. पण त्या थराची लहर फिरली कीं आवाज विरतो. या अडचणीवर उपग्रहानें तोड काढली. 7 डिसेंबर 1966 रोजीं अमेरिकेच्या नासा संस्थेनें ‘एटीएस-1’ हा उपग्रह सोडला. व्हर्नर सुओमी यांच्या कॅमेऱ्यानें त्यावरून प्रशांत महासागरावरील मेघांचीं चित्रें वारंवार टिपलीं. प्रयोगाचें मुख्य काम आटोपल्यावर, 1971 पासून, हवाई विद्यापीठाच्या ‘पीससॅट’ योजनेनें त्याच उपग्रहाचा रेडिओ बेटांबेटांतील संभाषणासाठीं मागून घेतला. शिक्षक, वैद्य व अधिकारी स्वस्त यंत्रांपुढें बसून एकमेकांशीं बोलूं लागले. 1985 सालीं उपग्रहाचें इंधन सरलें, तो जागेवरून ढळला, आणि सभा उठली. पुढें ‘गोज-3’ हा हवामानखात्यांतून निवृत्त झालेला उपग्रह योजनेच्या वांट्यास आला. तो 2016 पर्यंत कामांत राहिला.

दुसरा अध्याय ‘रानेट’चा. रेडिओ आणि इंटरनेट यांच्या द्वारें हवामानाची माहिती खेड्यापाड्यांत पोंचवावी, या हेतूनें ही योजना विसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेंत जन्मली व पुढें प्रशांत महासागरांत पसरली. तिनें आधार घेतला ‘वर्ल्डस्पेस’ या खासगी कंपनीच्या उपग्रहांचा. ही कंपनी मुख्यतः संगीत विकणारी. तिच्या ग्राहकांत भारतीयांचाच भरणा मोठा होता. 2008 सालीं तिनें दिवाळें जाहीर केलें, आणि 2009 च्या अखेरीस भारतांतील सेवाही बंद पडली. गाण्याच्या रसिकांची करमणूक गेली. पण ज्यांनीं वादळाची वार्ता त्याच दोऱ्याला बांधली होती, त्यांचें काय गेलें हें निराळें सांगावयास नको.

त्यानंतर रानेटनें ‘चॅटी बीटल’, म्हणजे वाचाळ भुंगा, या नांवाचें एक छोटें यंत्र बेटांवर नेलें. संदेश येतांच तें गजर करून माणसास जागें करतें, अक्षरें दाखवितें, आणि मुख्य म्हणजे उलट उत्तर पाठवूं शकतें. टिकोपियास हवें होतें तें नेमकें हेंच. हा भुंगा बोलतो तो ‘इरिडियम’च्या 66 उपग्रहांशीं. ते अवघ्या 780 किलोमीटर उंचीवरून फिरतात, म्हणून लहानशा अँटेनानेंही काम भागतें. पण त्या कंपनीनेंही 1999 सालीं दिवाळें काढलें होतें, आणि सर्व उपग्रह खालीं आणून जाळून टाकण्याचा बेत ठरला होता! सुमारें 5 अब्ज डॉलरांची ती संपत्ति 2000 सालीं अवघ्या 2.5 कोटींस विकली गेली. अमेरिकेच्या सैन्यास तिचें अगत्य होतें म्हणूनच ती वांचली.

कोणी म्हणेल, उसनें कां होईना, मिळालें हें काय थोडें? हें आम्हांसही मान्य आहे. पीससॅटच्या चालकांची कल्पकता वंदनीयच होती. परंतु उसन्या वस्तूचा परतीचा दिवस धनी ठरवितो, याचना करणारा नव्हे. आमच्या देशानें 1983 सालीं इन्सॅट-1बी अमेरिकेंत बांधवून घेतला, पण मालकी आपली ठेवली. म्हणूनच त्याच्यावरून किनाऱ्यावरील ठराविक भागांत भोंगा वाजवून वादळाची सूचना देण्याची सोय आपल्याला आपल्या गरजेप्रमाणें करतां आली. हजार-बाराशें वस्तीच्या बेटास असा उपग्रह कोठून परवडणार?

त्याला एकच मार्ग मोकळा आहे. एका दोऱ्यावर सर्व भार टाकूं नये. आज आकाशांत खासगी मालकीचे हजारों उपग्रह आहेत; त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. पण बेटावरच्याच माणसाला दुरुस्त करतां येईल असा लघुलहरींचा रेडिओ अडगळींत टाकूं नये, आणि कोणता खडक सुरक्षित आहे हें मुलांना शिकविणाऱ्या म्हाताऱ्यांचा उपहास करूं नये. या सर्व साधनांत दिवाळें निघण्याची भीति नाहीं असें साधन तेंच एक आहे.