पत्र लिहिण्यास कारण की...

देवळ्याच्या आमच्या घरी आजीची पत्रं मी लिहायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आजीला अक्षरओळख नव्हती आणि मला नुकतंच पोस्टकार्डात मावेल इतकं बारीक लिहिता येऊ लागलं होतं. ती चुलीपुढं बसून सांगायची, मी उंबऱ्यावर बसून लिहायचो. 'पत्र लिहिण्यास कारण की' ही सुरुवात मात्र ठरलेली. कुणाकडून तरी ऐकून तिनं ती पाठ केली होती. पुढचं सगळं तिच्या बोलण्यातलं आणि त्यात 'की' औषधालाही नसे. "कांद्याचं रोप चांगलं आहे म्हणून कळव. म्हातारा बरा आहे म्हणून लिही." जे कळवायचं ते आधी, मग 'म्हणून', आणि क्रियापद शेवटी.

एका वर्षी काकाचं लग्न एकाएकी ठरलं आणि एका दिवसात साखरपुडा उरकला. मालेगावकडे दिलेल्या आत्याला बोलावणं पाठवायलाही वेळ मिळाला नाही. नंतर आजीनं पत्र सांगितलं. मी लिहिलं : साखरपुडा झाला, खर्चासाठी बैलजोडी विकली, घरात पैसे नव्हते म्हणून तुला सांगितलं नाही.

त्या दिवाळीला आत्या भाऊबीजेला आली नाही. तिनं वाक्याचा अर्थ असा लावला : पैसे नव्हते, माहेरवाशिणीला साडी नेसवावी लागली असती, म्हणून आपल्याला कळवलंच नाही. आजीला म्हणायचं होतं ते वेगळंच. घरात पैसे नाहीत, ही गोष्ट तिनं लेकीच्या कानावर घातली नव्हती; उगाच तिच्या जिवाला घोर नको. शब्द तेच, पण एका अर्थानं लेक परकी ठरली आणि दुसऱ्या अर्थानं काळजातली.

हा घोटाळा 'म्हणून'चा. कारण सांगायलाही तोच आणि बोललेलं, कळलेलं, वाटलेलं क्रियापदाला जोडायलाही तोच. व्याकरणात पहिल्या कामाच्या वेळी त्याला कारण किंवा परिणाम दाखवणारा म्हणतात, दुसऱ्या कामाच्या वेळी 'स्वरूपबोधक'. बोलताना आवाज हा फरक करतो. कारण सांगायचं असेल, तर 'म्हणून'जवळ आपण जरा थांबतो. नाहीतर सगळं एका दमात म्हणतो. पोस्टकार्डावर आवाज उमटत नाही.

पुढं मराठीच्या इतिहासाचं वाचन करू लागलो, तेव्हा लक्षात आलं, की आजीची वाक्यरचना अडाणी नव्हती, फार जुनी होती. संस्कृतात बोललेलं आधी येतं आणि मागून 'इति' लागतं. कन्नड, तेलुगू या शेजारच्या भाषांतही 'म्हणून'सारखा, 'म्हणणे' या अर्थाच्या धातूपासून बनलेला शब्द वाक्याच्या शेवटी येतो. दख्खनी उर्दू बोलणारे लोक त्याच ठिकाणी 'बोलके' म्हणतात. 'येतो म्हणाला', 'नको म्हणून सांग' ही घडण दक्षिणेकडच्या या शेजाराशी जुळणारी आहे.

मग 'की' आला कुठून? ज्ञानेश्वरीत 'कीं' आहे, पण तिथं तो बहुतेक ठिकाणी 'किंवा', 'जणू' अशा अर्थांनी येतो. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात 'म्हणितलें' हे क्रियापद येतं आणि बोलणं सरळ पुढं सुरू होतं, मध्ये जोडशब्द नाही. क्रियापदानंतर वाक्य जोडणाऱ्या आजच्या 'की'चा माग काढताना बरेच अभ्यासक फारसीकडे बोट दाखवतात. हिंदीतला 'कि'ही तिथलाच. शतकानुशतकं दक्षिणेतल्या दरबारांचे कागद फारसीत चालले. आमचं बागलाणही १६३८ मध्ये मोगलांकडे गेलं. कारकून दोन्ही भाषांत लिहिणारा. एका भाषेची सवय दुसऱ्या भाषेत उतरायचीच.

शिवाजी महाराजांनी कारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द रूढ करण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्याचे दहा वर्ग आहेत : राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग वगैरे. हुद्दे, वस्तू, शस्त्रं, कागदपत्रं यांची नावं त्यात बदलली. पण नाव बदलणं सोपं, वाक्याचा सांधा बदलणं अवघड. 'की' मराठीत टिकला तो टिकलाच.

त्याच काळातल्या मराठी कागदांत 'की'च्या जागी दुसरा एक सांधा दिसतो : 'ऐसा जे'. लिहून देणारा कोण, घेणारा कोण हे सांगून झालं, की 'कारणे लिहून दिधले ऐसे जे' आणि मग मुख्य मजकूर. हा शब्द मेला असं समजू नका. आजही जमिनीच्या खरेदीखतात 'कारणे लिहून देतो खरेदीखत ऐसा जे' असं वाचायला मिळतं. सही करणाऱ्याला ती नुसती शोभेची ओळ वाटते. खरं तर 'पुढं येतं ते मी कबूल करतो' असं बजावणारा तो शब्द आहे.

इंग्रजीची कहाणी फार वेगळी नाही. तिथला 'दॅट' मुळात 'ते' या अर्थाचं दर्शक सर्वनाम. 'मला ते ठाऊक आहे : तो आला' अशा बोलण्यातून तो जोडशब्द झाला, असं मानतात. घरगुती बोलण्यात इंग्रज तो सर्रास गाळतात. 'आय थिंक ही विल कम' म्हटलं, की काम झालं. त्यांचं क्रियापद कर्माच्या आधीच येतं, म्हणून मागून वाक्य जोडणं त्यांना सहज जमतं. आपलं क्रियापद शेवटी. म्हणून आपण 'मला असं वाटतं, की' म्हणतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसा 'असं' क्रियापदाआधी जागा धरतो आणि खरा उतारू मागून येतो.

१८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. पुढं शाळांत प्रधानवाक्य, गौणवाक्य यांचं पृथक्करण सुरू झालं आणि 'की'ची रचना शिकलेल्या माणसाची खूण बनली. 'म्हणून'ची रचना गावंढळ ठरली. मीही आजीची वाक्यं मनातल्या मनात सुधारायचो. नेमकं जिथं सुधारायला हवं होतं, तिथं मात्र जसंच्या तसं लिहिलं. 'तुला सांगितलं नाही, की घरात पैसे नव्हते' एवढं केलं असतं, तर आत्याची भाऊबीज चुकली नसती.

संक्रांतीला आत्या आली. पोस्टकार्ड तिनं जपून आणलं होतं. तिनं ते वाचून दाखवलं, 'म्हणून'जवळ थांबत. आजीनं तेच वाक्य परत म्हटलं, एका दमात. आत्या काही बोलली नाही, उठून आजीजवळ चुलीपुढं बसली.

तेव्हापासून मी 'की'ला परका म्हणत नाही आणि 'म्हणून'ला अडाणी म्हणत नाही. एक कागदासाठी घडला, दुसरा तोंडासाठी. दोघांची कामं वेगळी, एवढं लिहिणाऱ्यानं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.